विश्लेषण : साथीच्या काळात झाडाखाली समुपदेशन... हवा मोकळी, पण बोलणे मोकळे होईल का?

करोनाची टाळेबंदी लागून आठवडा होत आला होता. ३१ मार्च २०२० रोजी स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले. निवारागृहात थांबवलेल्या मजुरांना अन्न, पाणी, औषधे मिळावीत, हे त्यात होतेच. शिवाय त्यांच्या मनातली भीती दूर करण्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक आणि सर्व धर्मांच्या समाजप्रमुखांनी तिथे जावे, असेही न्यायालयाने सांगितले. साथीत मनाची काळजीही तातडीची असते, हे यामुळे सरकारी कागदावर आले.

समुपदेशकाने बसायचे कुठे, हा प्रश्न मात्र गावपातळीवर सुटायचा होता. बंद खोलीत विषाणूचा धोका. म्हणून अंगण, शाळेचे मैदान, वडाचा पार. तिथे हवा मोकळी असते, पण चार लोकांचे कानही असतात. गोंदियासारख्या जिल्ह्यात पुढची साथ येण्याआधी या दोन्हींचा एकत्र विचार व्हायला हवा. तो कसा, ते पाहू.

समुपदेशन बाहेर का न्यावे लागते?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. मानसोपचाराच्या मोठ्या सोयी जिल्ह्याच्या ठिकाणी एकवटलेल्या. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या टोकाच्या गावातून गोंदियाला यायचे म्हणजे दिवस मोडतो आणि रोजी बुडते. साथीत एसटी बंद असेल, तर तेही शक्य नसते. मग समुपदेशकालाच गावात जावे लागते.

फोनवर बोलता येत नाही का? येते. २०२० मध्ये बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने हेल्पलाइन सुरू केली होती. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा देशभर सुरू आहे आणि तिचा क्रमांक १४४१६ आहे. फोनमुळे संसर्गाचा प्रश्नच मिटतो, म्हणून शक्य तिथे तोच पहिला पर्याय असावा. पण जंगलपट्टीतल्या अनेक गावांत रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर जावे लागते. घरात एकच मोबाइल असतो, तो बहुधा मुलाकडे किंवा नवऱ्याकडे. आणि ज्या घरात त्रास होतो आहे, त्याच घरात बसून त्या त्रासाबद्दल फोनवर कसे बोलायचे? अशांसाठी समोरासमोर बसणे हाच मार्ग उरतो.

उघड्यावर संसर्गाचा धोका खरेच कमी असतो का?

हो, बराच कमी असतो. बोलताना, खोकताना तोंडातून बाहेर पडणाऱ्या थेंबांपैकी जड थेंब लवकर खाली पडतात, तर अगदी सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत ते साचतात. अगरबत्ती विझल्यावरही खोलीत धूर रेंगाळतो, तसे. बाहेर वारा ते पांगवून टाकतो. उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार करोनाच्या नोंदवलेल्या संसर्गांपैकी १० टक्क्यांहून कमी संसर्ग उघड्यावर झाले होते.

कमी धोका म्हणजे शून्य धोका नव्हे. तोंडाजवळ तोंड नेऊन तासभर बोलल्यास मैदानावरही लागण होऊ शकते. जपानने साथीच्या सुरुवातीलाच लोकांना तीन गोष्टी टाळायला सांगितल्या होत्या : बंद जागा, गर्दी आणि जवळून संभाषण. बाहेर बसल्याने त्यातली पहिलीच टळते. उरलेल्या दोन स्वतःहून टाळाव्या लागतात.

आणखी एक गैरसमज मंडपाचा. तीन बाजूंनी कनात लावलेला मंडप उघड्यावर उभा असला, तरी आतली हवा खोलीसारखीच कोंडते. किमान दोन समोरासमोरच्या बाजू पूर्ण मोकळ्या असतील, तरच त्या जागेला उघडी म्हणावे.

मग अडचण कुठे येते?

अडचण आवाजाची आहे. साथीत सर्वांना पाठ झालेला नियम म्हणजे तोंडाला मास्क आणि सहा फुटांचे अंतर. दुकानाच्या रांगेत तो पुरेसा आहे. समुपदेशनात मात्र या नियमाचा एक उलटा परिणाम होतो. मास्कमुळे शब्द दबतात, ओठ दिसत नाहीत, अंतरामुळे आवाज क्षीण होतो. समोरचा ‘काय म्हणालात?’ असे दोनदा विचारतो आणि सांगणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो. वयस्कर, कमी ऐकू येणारी व्यक्ती असेल, तर दोघेही जवळपास ओरडूनच बोलू लागतात.

याचे दोन तोटे आहेत. पहिला आरोग्याचा. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये, म्हणजे करोना येण्याआधीच, दाखवून दिले होते की माणूस जितक्या मोठ्याने बोलतो तितके जास्त सूक्ष्म कण तोंडातून बाहेर पडतात. म्हणजे अंतर वाढवून जो धोका कमी केला, त्यातला काही चढ्या आवाजाने परत आला. दुसरा तोटा गोपनीयतेचा. कर्जाचा आकडा, नवऱ्याचे पिणे, रात्री येणारे मरणाचे विचार या गोष्टी कोणी मोठ्याने सांगत नाही. आवाज चढवायला लावला, की माणूस ‘सगळे ठीक आहे’ म्हणून उठून जातो. नोंदवहीत भेट झाल्याची नोंद होते, मदत मात्र झालेली नसते.

गोपनीयता ही समुपदेशकाची मेहेरबानी नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार आपल्या मानसिक आरोग्याविषयी आणि उपचारांविषयी गोपनीयता राखली जाणे हा मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा हक्क आहे. पारावर बसल्याने तो हक्क संपत नाही.

आवाज नेमका किती दूर जातो?

यासाठी शाळेतले विज्ञान पुरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने घटते. नेहमीचे बोलणे एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल धरले, तर दोन मीटरवर ते ५४, चारवर ४८, आठवर ४२ आणि सोळा मीटरवर ३६ डेसिबल होते. शांत गावातली पाखरे, पाने, दूरची मोटार यांचा आवाजही साधारण याच टप्प्यात असतो. म्हणजे सोळा मीटरवर, २० ते २२ पावलांवर उभ्या माणसाला बोलणे चालू असल्याचे कळेल, पण शब्द धड कळणार नाहीत.

आता मास्क आणि अंतरामुळे आवाज फक्त ६ डेसिबलने चढला असे समजा. तेच शब्द आता दुप्पट अंतरावर, म्हणजे ४० पावलांपर्यंत पोहोचतील. अंतर दुप्पट, तर क्षेत्रफळ चौपट. ज्या वर्तुळात कोणी असू नये, ते चार पट मोठे झाले. गावाच्या मधोमध असलेल्या पाराभोवती ४० पावलांत किराणा दुकान, हापसा आणि दोन-चार ओसऱ्या सहज येतात. हा हिशेब ढोबळ आहे. भिंत, वारा, उतार यांमुळे तो बदलतो. पण पार ही समुपदेशनाची जागा का नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

जागा कशी निवडावी?

दिसेल पण ऐकू येणार नाही, अशी जागा हवी. अगदी आडोसाही नको. एकट्या बाईला परक्या माणसाबरोबर झाडीत बसवले, तर गावात वेगळीच चर्चा सुरू होते आणि समुपदेशकाचीही सुरक्षितता राहत नाही. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानाचा दूरचा कोपरा, आरोग्य उपकेंद्राची मागची बाजू, घराचे परसदार, गावाबाहेरच्या बोडीची मोकळी पाळ या जागा चालू शकतात.

निवडलेल्या जागेची परीक्षा सोपी आहे. दोघांनी मास्क लावून, ठरल्या अंतरावर बसून नेहमीच्या आवाजात बोलावे. तिसऱ्याने २० पावलांवर उभे राहावे. त्याला शब्द कळले, तर जागा बदलावी. वाऱ्यासाठी अगरबत्ती लावावी. धूर एकाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे जात असेल, तर खुर्च्या फिरवाव्यात. वारा दोघांच्या आडून, बाजूने जायला हवा.

खुर्च्या थेट समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवल्या, तर श्वास एकमेकांवर येत नाही. संकोचणाऱ्या माणसाला नजरेला नजर न देता बोलणेही सोपे जाते. गट असेल, तर तो सहा जणांपुरताच असावा. सहा जण दोन-दोन मीटरवर गोलात बसले, की समोरासमोरचे अंतर चार मीटर होते. दहा जण बसले, की ते साडेसहा मीटरच्या आसपास जाते आणि बोलणे पुन्हा चढ्या आवाजात सुरू होते.

गोंदियात ऋतूनुसार काय बदलावे लागेल?

साथ ऋतू पाहून येत नाही, आणि उघड्यावर विषाणू हा एकच धोका नसतो. मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सकाळी साडेनऊनंतर बाहेर बसवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. तेंदूपत्त्याच्या हंगामात लोक पहाटेच जंगलात गेलेले असतात, म्हणून वेळ त्यांना विचारूनच ठरवावी. उन्हातून चालत आलेल्या माणसाच्या कपाळावर लगेच थर्मल गन लावली, तर तापाचा खोटा आकडा येऊ शकतो. आधी दहा मिनिटे सावलीत बसवावे, पाणी द्यावे, मग मोजावे.

पावसाळ्यात झाडाखाली बसणे धोक्याचे. ढगांचा गडगडाट ऐकू आला, की बोलणे अर्धवट राहिले तरी उठावे आणि पक्क्या इमारतीत जावे. वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे अॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे; ते समुपदेशकाच्या मोबाइलमध्ये असावे. या दिवसांत शाळेचा दोन्हीकडून उघडा व्हरांडा सर्वांत बरा. रोवणीच्या दिवसांत बांधीवर गेलेल्यांना दुपारी बोलावून उपयोग नाही. संध्याकाळची वेळ घ्यावी, तर डास असतात. जंगलाला लागून असलेल्या भागात हिवताप जुनाच आहे. म्हणून अंधार पडण्याआधी आटोपावे आणि अंगभर कपडे घालावेत. हिवाळ्यात गोंदियाचा पारा विदर्भात अनेकदा सर्वांत खाली असतो. थंडीच्या सकाळी म्हाताऱ्यांना बाहेर बसवू नये. शेकोटीभोवती तर मुळीच नको, कारण तिथे धूरही असतो आणि गर्दीही.

प्रत्यक्ष बोलताना कोणती काळजी घ्यावी?

समुपदेशक एका दिवसात तीन-चार गावे फिरतो. म्हणून गावात संसर्ग आणण्याचा धोका त्याच्याकडूनच जास्त असतो. सर्दी, ताप, घसादुखी असेल, तर त्याने घरी थांबावे आणि त्या दिवसाचा रोजगार कापला जाऊ नये. त्याने चांगला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. ज्येष्ठ आणि जुने आजार असलेल्यांना दिवसाच्या सुरुवातीला भेटावे. दोन भेटींमध्ये १५ मिनिटे मोकळी ठेवावीत. त्याने बाहेर ताटकळणारी गर्दी टळते आणि आधीचे बोलणे पुढच्याच्या कानावर जात नाही. खुर्चीचे हात पुसणे आणि साबणाने हात धुणे हे आहेच.

समुपदेशनात माणूस रडतो, ही त्यातली सर्वांत साधी गोष्ट. रडताना मास्क ओला होतो, श्वास कोंडतो आणि ओला मास्क नीट कामही करत नाही. अशा वेळी ‘मास्क काढू नका’ म्हणून दटावणे हा क्रूरपणा ठरेल. ‘ताई, मी थोडी मागे सरकते, तुम्ही सावकाश डोळे पुसा’ असे म्हणून दोन पावले मागे जावे. पिशवीत कोरे मास्क आणि कागदी रुमाल असावेत. खांद्यावर हात ठेवता येत नाही, म्हणून शब्दांनी आणि शांत बसून धीर द्यावा. गोंडी, पोवारी, छत्तीसगढी किंवा हिंदी बोलणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा समुपदेशक असेल, तर तेच वाक्य तीनदा मोठ्याने सांगावे लागत नाही. साथीत तोही एक आरोग्याचा नियमच समजावा.

नोंदवहीचे काय? संपर्कातल्या लोकांचा शोध घेण्यासाठी नाव, फोन आणि वेळ लागते. पण ‘मानसिक आरोग्य’ असा रकाना असलेली वही टेबलावर उघडी पडली, की गावभर चर्चा होते. यावर एक उपाय आहे. ही भेट गावात होणाऱ्या आरोग्य व पोषण दिवसाला जोडावी. रक्तदाब, साखर तपासायला आलेल्या सर्वांची एकच वही. त्यातले कोण पाच मिनिटे बसले आणि कोण पाऊण तास, हे तिथे लिहिण्याची गरज नाही. समुपदेशनाची टिपणे वेगळी, बंद पिशवीत. असे केले तर ‘डोक्याच्या डॉक्टरकडे गेली’ हा शिक्काही बसत नाही.

हे जमू शकते, याला आधार काय?

झिम्बाब्वेच्या हरारे शहरात मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये ‘फ्रेंडशिप बेंच’ सुरू केला. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक आणि त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजीबाई. मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच असलेल्या देशात या आज्यांशी बोललेल्या लोकांची नैराश्याची लक्षणे सहा महिन्यांनंतर इतरांपेक्षा कमी आढळली. त्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. बाक बाहेर होता, पण आवाराच्या आत आणि वर्दळीपासून दूर. जागेची निवड इथे महत्त्वाची ठरते.

विदर्भातही उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ उपक्रमात गावातच प्रशिक्षित कार्यकर्ते नेमले गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाले. दोन्ही उपक्रम साथीसाठी नव्हते. पण मदत दारापर्यंत आली आणि विश्वास बसला, तर लोक बोलतात, हे त्यांनी दाखवले.

बाहेर बसणे कधी टाळावे?

कोणी आत्महत्येच्या विचारात असेल, भ्रमात असेल, फार अस्वस्थ असेल किंवा औषधांची गरज दिसत असेल, तर मैदानातले बोलणे पुरेसे नाही. त्या व्यक्तीला एकटे न सोडता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात न्यावे. घरातल्या मारहाणीची तक्रार असेल, तर मारणाऱ्याच्या नजरेसमोर अंगणात बसणे धोक्याचे. तिथे भेटीचे ठिकाणच बदलावे. महिला हेल्पलाइन १८१ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ हाताशी असावेत. लहान मुलांशी बोलताना पालक दिसतील इतक्या अंतरावर असावेत.

जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्राने २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, करोनाचे निर्बंध उठवले. साथीने विधवा झालेल्या महिला आणि अनाथ मुलांसाठी २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू झाले होते, तालुका पातळीवर समित्याही नेमल्या गेल्या. अशा घरांपर्यंत कागदपत्रांसाठी कर्मचारी पोहोचतो, तेव्हा सोबत मनाचीही विचारपूस व्हायला हवी. ती दारातच, शेजारणींच्या घोळक्यात झाली, तर नावापुरती होते.

हे सगळे आशाताईंच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्यांच्याकडे आधीच कामांची रास आहे. मास्क, कागदी रुमाल, दोन खुर्च्या, साबण आणि येण्या-जाण्याचा खर्च हे काही मोठे अंदाजपत्रक नव्हे. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा निधी यासाठीच असतो. सरपंच आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी मिळून उन्हाळ्याची एक, पावसाळ्याची एक आणि हिवाळ्याची एक अशा तीन जागा आताच ठरवून ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवाव्यात. महिलांच्या जागेबद्दल महिलांनाच विचारावे. कुठून काय ऐकू जाते, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

साथ आल्यावर ही जागा शोधायला वेळ मिळत नाही. तेव्हा जी रिकामी दिसेल तिथे खुर्च्या टाकल्या जातात आणि ती बहुधा गावाच्या मधोमधच असते. आज दोन खुर्च्या, एक अगरबत्ती आणि २० पावलांवर उभा राहणारा एक माणूस एवढ्यावर ही तपासणी अर्ध्या तासात होते. पुढच्या ग्रामसभेच्या आधी ती प्रत्येक गावाने करून पाहावी.